केळ्यांना तेरा, बायकोला किती

मायनसने एसी घेतला ही बातमी एसी जिना चढायच्या आधी चौथ्या मजल्यापर्यंत पोचली होती, आणि कोणाचाही तिच्यावर विश्वास बसला नव्हता. बसणार कसा? हा गृहस्थ पस्तीस वर्षं दिसेल त्याला गाठून सांगत आला होता की एसी म्हणजे विकतचं दुखणं. पंखा दोनच्या पुढे न्यायचा नाही, खिडकी बोटभरच उघडायची, भर उन्हाळ्यात अंगावर चादर घ्यायची, असे त्याच्या घरातले कायदे. आणि आता त्रेसष्टाव्या वर्षी, डोक्यावरचे केस गेल्यावर, ह्याला गारवा सुचला! खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई तर तोंडावर म्हणाल्या, "काय हो, बायको घरात नाही म्हणून चैन चाललीये वाटतं?"

बायको घरात नाही म्हणूनच तर हा सगळा खटाटोप होता.

आता मायनस हे काही त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. चौतीस वर्षं तो शीतगृहात कामाला होता, आणि त्यातली सव्वीस वर्षं उणे अठराच्या चेंबरमध्ये. मटार, मासे, आइस्क्रीम, जे जे म्हणून गोठवून ठेवायचं ते सगळं तिथे. जाड कोट, एकावर एक दोन हातमोजे, कानटोपी, वीस मिनिटं आत आणि दहा मिनिटं बाहेर, असा दिवस. बरोबरच्या लोकांनी नाव पाडलं मायनस, आणि ते नाव त्याच्या मागोमाग चालत घरी आलं. त्याला त्याचं वाईट वाटत नसे, उलट अभिमानच होता. कोणता माल किती डिग्रीवर ठेवायचा हे त्याला झोपेतून उठवून विचारा. मटार उणे अठरा, सफरचंद शून्य ते एक, बटाटे चार, केळी तेरा. केळं तेराच्या खाली नेलंत की साल काळी पडते, हे तो लोकांच्या लग्नात जेवताना शेजारच्या पाहुण्यालाही सांगायचा. पाहुणा बिचारा मान डोलवायचा.

आणि दार. शीतगृहात दार म्हणजे जीव की प्राण. अर्धा मिनिट जास्त उघडं राहिलं की बाहेरची दमट हवा आत घुसते, छताला बर्फ धरतो, माल घामेजतो. मायनसने स्वतःच्या हाताने पाटी रंगवून चेंबरवर लावली होती, 'दार लावा'. पण पाटी वाचतो कोण? म्हणून तो ओरडायचा. एकच शब्द. "दार!" तीस फुटांवरचा माणूस हातातलं खोकं टाकून दार लावायला धावायचा.

दिवसभर हाडं गोठवून आलेल्या माणसाला घरात ऊब हवीशी वाटली तर त्यात त्याचं काय चुकलं? काहीच नाही. त्याचं चुकलं ते वेगळ्याच ठिकाणी.

त्याची बायको घरी शिवणकाम करायची. उशांचे अभ्रे, पडदे, गाद्यांच्या खोळी. शिलाई मशीन पश्चिमेच्या खोलीत, कारण उजेड तिथे. दुपारी दोननंतर ती खोली भट्टीसारखी तापायची. बायको तक्रार करणाऱ्यांतली नव्हती. पण सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसची असताना तिला एक नवीनच सवय लागली. पहिली पाळी संपवून मायनस तीन-साडेतीनला घरी यायचा, तर ही स्वयंपाकघरात फ्रिजचं दार सताड उघडून, डोळे मिटून, आत तोंड घालून उभी. काही काढत नाही, काही ठेवत नाही. नुसती उभी.

"दार!" मायनस ओरडायचा.

ती दार लावायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं तीनेक वर्षं चाललं. मायनसला त्यात बायको दिसलीच नाही, खरं सांगायचं तर. त्याला उघडं दार दिसलं.

त्या तीन वर्षांत एकदाच, रात्रीच्या जेवणाला बसल्यावर, ती म्हणाली होती, "अहो, त्या खोलीत एक छोटासा एसी बसवू या का?"

आणि मायनस म्हणाला होता, "अगं, दिवसभर मायनसमध्ये आणि घरी आल्यावरही मायनसमध्ये? मी काय मटार आहे?"

शाळकरी लेक खो खो हसली होती. बायकोही हसली होती. मग तिने पुन्हा म्हणून तो विषय काढला नाही, आणि मायनसला वाटलं, चला, पटलं तिला.

पुढे लेकीचं लग्न झालं, ती दोन तासांवरच्या गावी गेली, तिला मुलगा झाला. दोन वर्षांपूर्वी मायनस निवृत्त झाला आणि दिवसभर घरात बसून "दार!" म्हणू लागला. कपाटाचं दार, बाथरूमचं दार, गॅलरीचं दार. आणि तीन महिन्यांपूर्वी लेकीचा फोन आला की नातवाला सांभाळायची बाई सोडून गेली, आई पंधरा दिवस येशील का? बायकोने त्याच संध्याकाळी बॅग भरली. पंधराचे तीस झाले, तिसाचे साठ झाले, नव्वद झाले. नवी बाई मिळून महिना होऊन गेला. बायको काही आली नाही.

घर खायला उठणं म्हणतात ते मायनसने आजवर नुसतं ऐकलं होतं. आता घर त्याला रोज थोडं थोडं खात होतं. स्वयंपाक त्याला येत होता, कपडे धुता येत होते, त्याचं काही अडलं नव्हतं. पण दुपारी तीनच्या सुमाराला पश्चिमेच्या खोलीतून मशीनचा आवाज यायचा तो येत नाही, हे त्याला सहन होईना. एकदा तर तो स्वतः मशीनवर जाऊन बसला आणि दोरा न ओवता, कापड न घालता, नुसतं पायाने चालवत राहिला. आवाज तोच आला, पण मन काही भरलं नाही. त्याला ती हवी होती. इतकं साधं होतं ते, आणि इतकं साधं असल्यामुळेच बहुधा तोंडातून निघत नव्हतं.

रोज संध्याकाळी पाचला तो फोन करायचा.

"काय म्हणतेस?"

"बरं आहे. तुम्ही जेवलात का?"

"जेवलो. पाणी आज कमी दाबाने आलं."

"हं."

"नातू काय म्हणतो?"

"खेळतोय."

"बरं. ठेवू?"

"ठेवा."

झाला फोन. 'ये' ह्या एका अक्षरासाठी एवढी यंत्रणा, आणि ते अक्षर तेवढं राहून जायचं. शीतगृहात साठ माणसांवर आवाज चढवणारा हा वाघ बायकोच्या फोनवर मांजर व्हायचा.

मग तो विचार करत बसायचा. ती येत का नाही? तिथे असं काय आहे जे इथे नाही? आणि एक दिवस त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एसी! लेकीकडे एसी आहे! जावई घरूनच काम करतो, त्याला उकाडा सोसत नाही, दिवसभर एसी चालू असतो. इकडे आपण तिला पस्तीस वर्षं भट्टीत बसवलं. कोण कशाला परत येईल भट्टीत? त्याला ते जेवणाच्या वेळचं बोलणं आठवलं, आपला मटार आठवला, आणि स्वतःच्याच कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी तो दुकानाच्या पायरीवर बसला होता.

एसी बसवायला आलेला मिस्त्री चाळिशीचा, तोंडात दोन स्क्रू धरून तिसऱ्याच विषयावर बोलणारा. भिंतीला भोक पाडता पाडता त्याने मायनसला अर्ध्या गावाची माहिती दिली.

"काका, माणसाची पत्रिका बघू नका, रिमोट बघा. एक वकीलसाहेब आहेत, सोळावर लावतात आणि वर दोन रजया घेतात. म्हटलं साहेब, चोवीसवर लावा आणि एक रजई घ्या. म्हणाले, मजा जाते. एक आजी आहेत, त्यांनी रिमोटचं प्लास्टिक चार वर्षांत काढलेलं नाही. पाहुणे आले की एसी लावतात, पाहुण्यांची पाठ वळली की बंद. आणि एक नवराबायको आहेत. तो वीस, ती सव्वीस. रिमोट ज्याच्या उशीखाली त्याचं त्या रात्रीचं राज्य. मी म्हटलं तेवीस करा की, तर दोघांनी मिळून मलाच झापलं!"

मायनसला हसू आलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा आलं.

मिस्त्रीने तोंडातले स्क्रू काढले, रिमोटमध्ये सेल घातले आणि विचारलं, "काकूंना किती लागतो?"

"म्हणजे?"

"म्हणजे किती डिग्री? तेवढ्यावर लावून देतो. पहिल्या दिवशी हवा तसा लागला की बायका खूश."

मायनसने तोंड उघडलं. मटार उणे अठरा. सफरचंद शून्य. बटाटे चार. केळी तेरा. केळ्यांना तेरा लागतात हे त्याला ठाऊक होतं, आणि छत्तीस वर्षं एका घरात राहिलेल्या बायकोला किती लागतो, वीस की पंचवीस की अठ्ठावीस, ह्याचा त्याला पत्ता नव्हता. 

"ती आली की ठरवेल," तो म्हणाला.

"कधी येणार?"

"येईल."

मिस्त्रीने त्याच्याकडे एकदा पाहिलं, रिमोट टेबलावर ठेवला आणि बाकीचं गाव सांगायचं राहू दिलं.

एसी तर आला. आता पुढचा प्रश्न होता की बायको आल्यावर त्या खोलीत आपल्यालाही बसता आलं पाहिजे. ती आत आणि आपण बाहेर, मग काय उपयोग? शीतगृहात नव्या माणसाला एकदम उणे अठरात सोडत नसत. आधी दहा, मग चार, मग शून्य, मग पुढे. मायनसने स्वतःला तीच रीत लावली. पहिल्या दिवशी अठ्ठावीस, दुसऱ्या दिवशी सत्तावीस. तुम्ही म्हणाल, उणे अठरात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला सव्वीसचं काय? पण तिथे अंगावर कोट असायचा, हातात काम असायचं. इथे बनियन घालून खुर्चीत नुसतं बसायचं, आणि गुडघ्यांनी तर सव्वीस वर्षांचा सगळा बर्फ जपून ठेवला होता. पंचवीसला त्याने हार मानली, माळ्यावरून जुना कोट काढला, कानटोपी चढवली आणि पुन्हा जाऊन बसला. नेमक्या तेव्हा मास्तरीणबाई वाटीभर साखर मागायला आल्या.

"अगं बाई!" त्या दारातच थबकल्या. "चंद्रावर निघालात का?"

"सराव करतोय," मायनस म्हणाला.

"कसला?"

"संसाराचा."

मास्तरीणबाई साखर न घेताच गेल्या.

फोनवर मात्र त्याने अळीमिळी गुपचिळी ठेवली होती. ती आली की बघेल, चकित होईल, असा त्याचा बेत. फक्त तिचा आकडा काढून घ्यायचा तो प्रयत्न करायचा.

"तिकडे एसी कितीवर असतो?"

"काय की. जावई लावतात."

"पण तुला किती बरा वाटतो?"

"मला काय करायचंय? तुम्हाला काय झालंय? रोज एसीचं काय विचारताय?"

"सहज," मायनस म्हणायचा. आकडा काही हाती लागला नाही.

तेविसावर आला त्या दिवशी, मंगळवारी, पाचच्या फोनला बायकोऐवजी लेक बोलली. आई नातवाला घेऊन खाली गेलीये म्हणाली. मग जरा थांबली. लेक थांबली की मायनसला लहानपणापासून कळायचं, काहीतरी फुटलंय किंवा हरवलंय.

"बाबा, एक बोलायचं होतं. आई इथेच राहिली तर?"

"म्हणजे किती दिवस?"

"म्हणजे राहिलीच तर. मी विचारलं तिला."

"मग? हो म्हणाली?"

"हो नाही म्हणाली. पण नाही पण नाही म्हणाली. तुम्हालाही बोलावलं असतं बाबा, पण आमच्याकडे दिवसभर एसी असतो. तुम्हाला नाही सोसायचा."

मी तेविसावर आलोय, असं त्याच्या अगदी ओठावर आलं. पण त्याने फोन ठेवला आणि उद्याची पहिली बस किती वाजता आहे ते बघायला स्टँडवर गेला.

बुधवारी अकराच्या सुमाराला जावयाने कानावरचे हेडफोन खाली ओढत दार उघडलं. मायनस आत शिरला आणि अंगावर शहारा आला. बावीस, त्याने मनाशी म्हटलं, आणि भिंतीवर पाहिलं तर बावीसच. ह्या बाबतीत त्याचं अंग कधी खोटं बोलत नसे.

"आई मागे आहेत, गॅलरीत," जावई म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

गॅलरीत सकाळचं ऊन भरून राहिलं होतं. बायको बुटक्या स्टुलावर भिंतीला टेकून बसली होती. अंगात स्वेटर, पायात मोजे, पाय उन्हात लांब सोडलेले. नातवाच्या दप्तराचा पट्टा शिवत होती. मायनस उंबऱ्यात उभा राहून तिच्याकडे पाहत राहिला. तीन महिन्यांत ती थोडी वाळली होती. कानाजवळची एक बट जास्त पांढरी झाली होती. हा माणूस छत्तीस वर्षांपूर्वी तिला बघायला गेला होता तेव्हाही असाच दारात उभा राहिला होता.

तिने वर पाहिलं. "अगं बाई! तुम्ही? काय झालं? बरे आहात ना?"

"बराय. सहज आलो."

"दोन तास बसमध्ये बसून सहज?"

मायनस गॅलरीत आला आणि मागे हात करून दार लावलं, आतला गारवा बाहेर येऊ नये म्हणून. बायकोने त्याच्या हाताकडे पाहिलं.

"सवय काही जात नाही," ती म्हणाली.

तो तिच्या शेजारी जमिनीवरच बसला. गुडघे कडकडले. इकडचं तिकडचं बोलायचं त्याने ठरवलं होतं, पण ऊन बघून, मोजे बघून त्याच्या डोक्यातलं सगळं विस्कटलं, आणि तो एकदम म्हणाला, "मी एसी बसवला."

"कुठे?"

"आपल्या घरी. मशीनच्या खोलीत."

दप्तराच्या पट्ट्यात सुई तशीच राहिली. "तुम्ही?"

"मी. तुझ्यासाठी. मी बसून बघितलं आत. तेविसापर्यंत जमतं मला. कोट घालून, पण जमतं. तुला किती लागतो ते सांग, तेवढ्यावर लावू. वीस म्हणालीस तर वीस."

बायको आधी हसली. हसता हसता तिचे डोळे भरले, आणि भरलेल्या डोळ्यांनीच ती भडकली. मायनसने छत्तीस वर्षांत तिला असं भडकलेलं पाहिलं नव्हतं.

"आता? आता बसवलात? वरातीमागून घोडं! अहो, मला आता थंडी वाजते. बाराही महिने पाय गार असतात माझे. बघताय ना, घरात एसी लावतात म्हणून मी इथे उन्हात येऊन बसते रोज. मला आता किती लागतो विचारताय? बंद लागतो!"

"मला काय माहीत?" मायनसही दुखावला. "मी काय ज्योतिषी आहे? सांगायचं होतंस तेव्हा."

"सांगितलं होतं. तुम्ही मटार म्हणालात."

आत जावई कोणाशी तरी फोनवर बोलत होता. खाली रस्त्यावरून एक टेम्पो मागे मागे येत होता आणि कोणीतरी त्याला 'येऊ दे, येऊ दे' म्हणत होतं. बायकोने सुई ओढली, टाका घट्ट केला आणि दोरा दाताने तोडला. मायनस त्या दोऱ्याकडे बघत म्हणाला, "काय होत होतं तुला तेव्हा?"

त्याचा आवाज त्याला स्वतःलाच ओळखू आला नाही. बायकोने त्याच्याकडे निरखून पाहिलं, चेष्टा करतोय की काय म्हणून. तो चेष्टा करत नव्हता.

मग ती बोलायला लागली. आधी तुटक तुटक, मग सुटलीच. पाळी जायची वेळ होती ती. बसल्या बसल्या पोटातून वाफ उठायची, छाती, मान, तोंड, सगळं पेटल्यासारखं व्हायचं, काळीज घोड्यासारखं धावायचं. दहा मिनिटांत ओलीचिंब. घामाचे थेंब लोकांच्या पांढऱ्या अभ्र्यांवर पडायचे, मग ते धुऊन पुन्हा इस्त्री करून द्यायचे. कारण नसताना रडू यायचं. बाथरूमच्या फरशीवर भिंतीला पाठ लावून बसायची ती, कारण घरात तेवढीच जागा गार होती. तिला वाटायचं आपल्याला वेड लागतंय. सांगणार कोणाला? आई गेलेली, लेक लहान.

"आणि मग मी दाताच्या डॉक्टरांकडे जायला लागले," ती म्हणाली.

"दाताच्या? तुझे दात तर..."

"बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत. त्यांच्या बाहेरच्या खोलीत एसी होता हो. दुपारी बाराला जायचे, पेशंटांत बसायचे. माझा नंबर यायच्या आत उठून निघायचे, की तुम्ही यायच्या आत घरी. महिनाभराने तिथल्या चिठ्ठ्या देणाऱ्या मुलीने मला धरलं. म्हणाली, काकू, तुमचा नंबर कधी येतच नाही का? मी खरं सांगितलं. तिने मला विचारलं, काय होतंय तुम्हाला? पहिलं माणूस ते, ज्याने मला विचारलं. मी तिच्यापुढे ढसाढसा रडले. मग ती रोज एसीखालची खुर्ची माझ्यासाठी राखून ठेवायची. दीड वर्ष. पुढे तिचं लग्न झालं, ती गेली. मग मला फ्रिज तेवढा उरला."

मायनस ऐकत होता. तो उणे अठरात खोकी मोजत होता, थंडीला शिव्या घालत होता, आणि त्याच वेळी त्याची बायको परक्या दवाखान्यात, न दुखणारे दात घेऊन, तीच थंडी चमचाभर मिळावी म्हणून बसत होती. आणि घरी आल्यावर तो तिच्या अंगावर ओरडत होता. त्याला रडू आलं. त्याने ते लपवलंही नाही.

"लेक संध्याकाळी ऑफिसातून आली की विचारते, आई, आज काय केलंस?" बायको म्हणाली. "एवढंच विचारते. म्हणून राहिले मी इथे. एसीसाठी नाही. हे तुम्ही तेव्हा विचारलं असतंत ना, तर मला एसी लागलाच नसता."

खालचा टेम्पो निघून गेला. ऊन सरकून तिच्या मोज्यांवरून बाजूला गेलं, तशी तिने स्टूल थोडं पुढे घेतलं. मायनसही बसल्या बसल्या पुढे सरकला.

"मला तुझ्याशिवाय करमत नाही," तो फरशीकडे बघत म्हणाला. "घरी चल."

तिने सुई स्वेटरला टोचून ठेवली.

"आज नाही," ती म्हणाली.

"बरं."

"आणि उद्याही नाही म्हटलं तर?"

"तर परवा येऊन विचारीन."

"दोन तास बसमध्ये बसून?"

"बस रोज असते."

तिने पदराने डोळे पुसले, मग त्याच पदराचं टोक त्याच्याकडे केलं. "पुसा. जावई बघतील." आणि दप्तराची चेन लावून बघत, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "परवा नको. रविवारी या. लेकीला सुट्टी असते, नातवाला नीट समजावून निघता येईल. तोवर बॅग भरून ठेवते."

जेवून तो तीनच्या बसने निघाला. खिडकीशी जागा मिळाली. खरं तर त्याने उडीच मारायला हवी होती, जे मागायला आला होता ते त्याला मिळालं होतं. रविवार चार दिवसांवर होता. तीन महिने काढले तिथे चार दिवस काय, निघून जातील. पण तिने एकटीने काढलेली ती तीन वर्षं बसभर त्याच्या शेजारी बसून होती, आणि त्यांच्यासाठी पुढे कुठला रविवार नव्हता.